गावच्या शाळेत मुक्त सॉफ्टवेअरचे केंद्र उभारताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराकडच्या काही वाड्यांवर अजूनही घरात रेंज मिळत नाही. अशा ठिकाणी शाळेत किंवा वाचनालयात चार जुने कॉम्प्युटर, एक राउटर आणि मुक्त सॉफ्टवेअर (कुणीही वापरावे, बदलावे, वाटावे असे) एवढ्या भांडवलावर मुलांसाठी चांगले केंद्र उभे राहते. परवान्याचा खर्च नाही, रोजच्या इंटरनेटची गरज नाही. एका गावाने तयार केलेला सगळा साठा दुसऱ्या गावाला पेनड्राइव्हवर देता येतो, बिघडले तर गावातच दुरुस्त करता येते. मुक्त तंत्राचे सगळे बळ यातच आहे आणि खालच्या चुका नेमके तेच घालवतात.

फुकट मिळाले म्हणजे वाटता येते, असे धरणे

नेटवर वाचायला मिळणारे प्रत्येक पुस्तक मुक्त नसते. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके मोफत डाउनलोड होतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. ती बदलून, भाषांतर करून वाटण्याची परवानगी त्यात येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (आपले काम इतरांना वापरू देण्याचा तयार परवाना) असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही अक्षरे नीट पाहा. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको. 'एनडी' म्हणजे बदल नको, आणि भाषांतर हाही बदलच.

गोव्यात हा मुद्दा कागदोपत्री राहत नाही. मराठी माध्यमाच्या पहिलीतले मूल बहुतेक वेळा घरी कोंकणी बोलते. शिक्षिकेला एखादी मराठी गोष्ट कोंकणीत करून घ्यायची असेल, तर 'एनडी' परवाना आडवा येतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी 'बीवाय' परवान्याखाली आहेत. भाषांतर करा, छापा, वाटा, फक्त लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचे नाव ठेवा. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला, म्हणून त्यातला मजकूर कोंकणी विकिपीडियाला वापरता आला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी व्हिडिओही मुक्त परवान्याचे आहेत. लिबरऑफिस (मजकूर, हिशेब लिहिण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) शिकवायला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

इंटरनेटवर विसंबणे, आणि ऑफलाइन साठा अर्धवट उतरवणे

केंद्राचा गाभा ऑफलाइन ठेवा. विकिपीडियासाठी कीविक्स, धडे आणि सरावासाठी कोलिब्री (याचा इंटरफेस मराठीत आहे), लहान मुलांसाठी जीकॉम्प्री, विज्ञानाच्या प्रयोगांसाठी फेट. जीकॉम्प्री प्रत्येक कॉम्प्युटरवर बसवा. बाकीची एका कॉम्प्युटरवर बसतात (हाच आपला सर्व्हर) आणि इतर कॉम्प्युटर-मोबाइल वाय-फायवरून त्याला जोडतात. गोंधळ होतो तो साठा आणताना.

कीविक्सची झिम फाइल (जिच्यात सगळा साठा असतो ती) शहरातून पेनड्राइव्हवर आणताना 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो, जागा भरपूर असूनही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट करा. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. डाउनलोड मध्येच तुटते किंवा बिघडते, मग फाइल उघडत नाही किंवा काही लेख कोरे निघतात. म्हणून मोठी फाइल टॉरेंटने उतरवा, तुटली तर तिथूनच पुढे चालू होते. उतरल्यावर शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आल्याची खूण) जुळवून पाहा. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीहून मोठा आहे. तो पहिल्याच दिवशी आणण्याचा हट्ट नको. मराठीचा पूर्ण आणि इंग्रजीचा बिनचित्रांचा साठा घेऊन सुरुवात करा.

कोलिब्रीचा साठा ड्राइव्हवरून घेताना 'ड्राइव्ह सापडत नाही' असे दिसले, तर ड्राइव्ह उघडून पाहा. 'कोलिब्री डेटा' नावाचा फोल्डर सगळ्यात वरच्या पातळीवरच हवा. कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून तो 'शाळा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेला असतो. तो बाहेर काढला की काम झाले. कीविक्स आणि कोलिब्री दोन्ही ८०८० या एकाच पोर्टवर (सर्व्हरच्या दाराच्या क्रमांकावर) लावले तर त्यांतले एक सुरू होत नाही. कीविक्सला ८०८१ द्या.

वाय-फाय आहे, पण पान उघडत नाही

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात आणि कारणे मात्र ठरलेली आहेत.

मोबाइल केंद्राच्या वाय-फायला जोडला की त्याला कळते की पुढे इंटरनेट नाही. मग तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि मुलाला वाटते, सर्व्हर बंद आहे. मोबाइल डेटा बंद करायला सांगा किंवा 'इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा' हा पर्याय निवडायला लावा.

सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता (आयपी) बदलणे हे दुसरे कारण. लाईट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की तो सर्व्हरला नवा पत्ता देऊ शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवा आणि तो भिंतीवर लावा. भिंतीवर लावताना मात्र देवनागरी आकडे लिहू नका. मराठी कीबोर्डवरून '१९२' टाकले तर ब्राउझरला तो पत्ता वाटतच नाही, तो शोध घ्यायला निघतो. इंग्रजी आकड्यांतच मोठ्या अक्षरांत लिहा, शेजारी क्यूआर कोड चिकटवा. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' हवे. नाहीतर काही ब्राउझर आपणहून त्याच्या शेवटी 'एस' जोडतात आणि पान उघडत नाही.

तिसरे, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसते 'पाय') सर्व्हर असेल तर त्याच्या अंगच्या वाय-फायवर सगळा वर्ग बसवणे. आठ-दहा मोबाइल जोडले की ते दमते, पुढचा मोबाइल जोडलाच जात नाही. वेगळा राउटर घ्या आणि सर्व्हर त्याला केबलने जोडा.

वीज आणि सर्व्हर

रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. लोक मोबाइलचा जुना चार्जर लावतात. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण दिसू लागते, यंत्र मध्येच अडते आणि दोष मेमरी कार्डावर जातो. खरे तर कार्डाचाही जीव याच वेळी जातो. लिहिणे चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल-रचना बिघडते आणि दुसऱ्या दिवशी पाय सुरूच होत नाही. साठा कार्डावर न ठेवता २४० जीबीच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) ठेवा, तो निळ्या यूएसबी पोर्टला जोडा. पाय ४ ला स्वतःचे घड्याळही नसते. इंटरनेटशिवाय सुरू झाला की तारीख जुनीच दाखवतो आणि मुलांच्या सरावाच्या नोंदी उलटसुलट होतात. घड्याळाचे छोटे आरटीसी मॉड्यूल बसवावे लागते.

एवढे सगळे पाहता, खेड्यातल्या शाळेला पायपेक्षा जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून बरा. बॅटरी आतच, घड्याळ आत, पडदा आणि कीबोर्डही आतच. त्यावर ४ जीबी रॅम, एक एसएसडी आणि झाकण मिटल्यावर झोपायचे नाही अशी सेटिंग, एवढे पुरे. फक्त बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका, तशीच वापरू नका.

पाय आणि राउटर मिळून साधारण १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ८४ वॅट-अवर असतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे जवळपास पावणेतीन तास. सकाळच्या काही तासिकांना ते पुरतात. याच बॅटरीवर डेस्कटॉप लावला तर अर्धा तासही मिळणार नाही.

जुने कॉम्प्युटर घेताना

विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे कार्यालयांतून चांगली यंत्रे बाहेर पडत आहेत. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर छान चालते. हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी बसवली की यंत्र इतके वेगवान होते की ओळखू येत नाही. रॅम २ जीबीच असेल तर ब्राउझरचे तीन टॅब उघडताच अडते, मग आधी रॅम वाढवा.

लिनक्स बसवण्याची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर कॉम्प्युटर त्यावरून सुरू होत नाही. ती बॅलेना एचर या प्रोग्रामने लिहावी लागते, किंवा पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय बसवावे. यंत्र ३२ बिटचे असेल तर मिंटची मुख्य आवृत्ती चालणार नाही. ३२ बिटसाठी इन्स्टॉलर असलेली शेवटची डेबियन म्हणजे १२. इतके जुने यंत्र दान म्हणून आले तरी केंद्रात न घेतलेलेच बरे. आणखी एक, सगळ्या संकेतस्थळांवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे आले तर व्हायरस शोधत बसू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, त्यामुळे तारीख मागे जाते. सेल बदला, तारीख लावा.

गोव्याच्या शाळांत कोडिंगसाठी स्क्रॅच शिकवतात. लिनक्ससाठी स्क्रॅचचे अधिकृत डेस्कटॉप डाउनलोड मिळत नाही, आणि तिथेच 'लिनक्सवर आपले काम होत नाही' असे म्हणून कॉम्प्युटर पुन्हा विंडोजवर नेले जातात. टर्बोवार्प डेस्कटॉप बसवा. मुलांनी घरी विंडोजवर केलेले स्क्रॅचचे प्रकल्प त्यात उघडतात.

मराठी टायपिंग

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतात. लिबरऑफिसमध्ये त्या उघडल्या की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नाही, ती युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाही. कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा.

मुलांना इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्डच शिकवा. पहिले दोन आठवडे जड जातात, पण नंतर हात बसतो. शिकवताना एक गोष्ट हमखास चुकते. 'कोऱ्या वहीत' असे लिहायला मूल साधा 'र', हलन्त आणि 'य' दाबते आणि पडद्यावर 'कोर्या' उमटते. यासाठी वेगळा 'ऱ' आहे. शिफ्ट धरून 'जे', मग हलन्तासाठी 'डी', मग 'य' साठी तिरक्या रेघेची कळ. 'ळ' साठी शिफ्ट आणि 'एन'. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' हे तीन शब्द रोज लिहून घ्या.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कॉम्प्युटर प्लास्टिकने झाकून ठेवणे ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. दमट हवा आतच कोंडते, रॅमच्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि यंत्र नुसते बीप करते. सुती कापड घाला. चवथीच्या सुट्टीतही आठवड्यातून दोनदा तासभर यंत्रे चालू ठेवायला कुणाला तरी सांगा, आतल्या उष्णतेने ओल जाते. बीप आलाच तर वीज काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी कडा खोडरबरने हलक्या घासा, पुसा, परत बसवा. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि ब्रॉडबँडची केबल दोन्ही काढा. केबलमधून आलेल्या विजेने राउटर जळतो. अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पावसाआधी तपासून घ्या.

पासवर्ड एकाच माणसाकडे

शिक्षकांची बदली होते आणि सर्व्हरचा पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. शाळेत एक वही ठेवा. त्यात राउटरचा आणि सर्व्हरचा पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, पोर्टचे आकडे, साठा कोणत्या तारखेचा आहे आणि सर्व्हर नीट बंद करण्याच्या पायऱ्या लिहा. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात, तिची प्रत पालक-शिक्षक संघाच्या एका सदस्याकडे. सगळ्या साठ्याची दुसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती शाळेच्या इमारतीत ठेवू नका. आठवी-नववीच्या दोन मुलांना सर्व्हर बंद-चालू करणे आणि राउटर तपासणे शिकवा. ती पुढे गेली की त्यांनी पुढच्या दोघांना शिकवायचे, आणि ही नावेही वहीत लिहायची.