लॅपटॉप जोडायचा की आयता घ्यायचा?

डेस्कटॉप मी स्वतः जोडलेत, तेही तीन. म्हणून लॅपटॉपही सुटे भाग आणून स्वस्तात उभा करू, असं वाटलं होतं. पण डेस्कटॉपला 1995 पासून एटीएक्स हे माप आहे, त्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटात बसतो. लॅपटॉपचं तसं नाही. बोर्ड त्या एकाच बॉडीच्या आकाराचा कापलेला असतो आणि प्रोसेसर त्यावर कायमचा सोल्डर केलेला.

त्यातल्या त्यात ‘जोडणं’ म्हणजे बेअरबोन (आतले काही भाग न घातलेला लॅपटॉप) घेणं, किंवा 2021 मध्ये आलेल्या फ्रेमवर्क या लॅपटॉपची डीआयवाय, म्हणजे स्वतः जोडायची आवृत्ती. त्यात रॅम, एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) आणि विंडोज आपण घालायचं. पुढे नुसता बोर्ड बदलता येतो, ही मोठीच सोय. पण खिसा हलका असेल तर हे नाद परवडत नाहीत. त्याच ताकदीचा तयार लॅपटॉप बहुधा स्वस्त पडतो.

मी शेवटी मधला रस्ता धरला: ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप घ्यायचा आणि आतलं आपल्याला हवं तसं करायचं. लेनोवोच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक हे त्यातले नेहमीचे गडी.

घेताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. टी480 मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी480एस मध्ये थोडी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि स्लॉट एकच. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे विंडोज 11 चालायला हवं; इंटेल असेल तर प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा बघा. मशीन सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा मेनू) शिरा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर व्यवहार तिथेच सोडा. विंडोजच्या पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे आधीच हिशेबात धरा.

आता एसएसडी. इथे मी माती खाल्ली. एम.2 आहे ना, मग चालेल, असं म्हणून आणली. स्लॉटात झकास बसली, पण बायोसला दिसेना. तासभर काढ-घाल केल्यावर लेबल वाचलं: साटा! माझा स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. एम.2 हा नुसता आकार आहे, 2280 म्हणजे 22 मिमी रुंद, 80 मिमी लांब. आत बोलली जाणारी भाषा वेगळी असू शकते, साटा किंवा एनव्हीएमई. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पण खाचांवर विसंबू नका, मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.

खोलण्याआधी चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने डकवा. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला, तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. माझ्या जुन्या मशीनवर ते अजून आहे, मनगटाला टोचतं. पाठ निघाली की सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा.

रॅम सरळ दाबायची नाही. तिरकी धरून आत सारायची, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. दोन स्लॉट असतील तर एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन घ्या, ड्युअल चॅनेल मिळतो (प्रोसेसर दोन्ही पट्ट्या एकदम वापरतो) आणि इनबिल्ट ग्राफिक्सला त्याचा चांगलाच फायदा होतो.

ग्राफिक्स कार्ड हवं असेल किंवा वॉरंटीशिवाय झोप लागत नसेल, तर सरळ नवा घ्या.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळीच राहू शकते. मशीन नवी रॅम ओळखत असतं. मी घाबरून दोनदा बटण दाबून बंद केलं होतं. तुम्ही दोन मिनिटं हात मागे बांधून बसा.