पहिला दिवस एका पानाचा: नवशिक्यांना वनस्पतीचित्रण कसं शिकवावं

पावसाळ्यात बेळगाव-खानापूर भागात चित्रांसाठी फुलांची वानवा नसते. बांधावर तेरडा, कुंपणात कळलावी, झाडीत रानहळद. पण जलरंगाच्या वर्गात पहिल्या दिवशी यांतलं काहीच टेबलावर ठेवू नका. फुलाचा रंग दिसला की नवशिक्याचा हात थेट कुंचल्याकडे जातो आणि बघणं राहून जातं. पहिल्या दिवशी जास्वंदीचं एकच पान द्या. ते परसात मिळतं, आणि जवळून पाहिलं की बरंच काही शिकवतं.

वर्ग दहाजणांचा, दोन सकाळी, रोज तीन तास. याहून जास्त माणसं घेतली तर रंग ओला असेपर्यंत प्रत्येकापाशी पोचता येत नाही, आणि जलरंगात मदत लागते ती नेमकी तेव्हाच.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), शक्यतो गुळगुळीत म्हणजे हॉट प्रेस. २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून साडेसात बाय अकराचे आठ तुकडे निघतात. माणशी तीन तुकडे धरले तर चार ताव पुरतात. पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो, तिथे बचत करू नका. कुंचले गोल, २ आणि ६ नंबरचे, टोक शाबूत असलेले. पेन्सिल एचबी, कारण २बीची काजळी पिवळ्यात मिसळून मळकट दिसते. रंग सहाच: दोन पिवळे (लेमन यलो, गॅम्बोज), दोन लाल (स्कार्लेट, क्रिमसन), दोन निळे (अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू). तयार हिरव्याची ट्यूब देऊच नका. शिवाय पाण्याच्या दोन वाट्या (एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ पाण्याची) आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा.

पानं त्याच सकाळी देठासकट तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात आणा. देठ ओल्या स्पंजात खोचून ठेवा. पंखा थेट पानावर नको, तासाभरात कडा वळतात. उजेड डावीकडून घ्या, डावखुऱ्यांना उजवीकडून.

पहिली वीस मिनिटं पेन्सिलही उचलू द्यायची नाही. फक्त प्रश्न विचारा. दाते कुठून सुरू होतात? जवळजवळ सगळे पूर्ण कडेला दाते काढतात. प्रत्यक्षात देठाजवळची कड सपाट असते. ठळक शिरा किती? मधली एक, आणि देठापासूनच फुटणाऱ्या बाजूच्या दोन. मग पट्टीने लांबी-रुंदी मोजून पान आहे त्याच मापात, फिकट रेषेत काढायला लावा. प्रत्येकाने पानाची दोन चित्रं काढावीत; कारण पुढे येतं.

रंगाआधी हिरव्याचे बारा चौकोन. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूचा हिरवा भडक येतो. त्यात क्रिमसनचा ठिपका टाकला की तो पानासारखा निवतो. तीनही रंग सारख्या प्रमाणात पडले तर चिखल होतो. चौकोन वाळल्यावरच पानाशेजारी धरून ताडा, जलरंग वाळल्यावर फिका पडतो.

आता पान. मधली शीर कोरडी ठेवून एका बाजूला स्वच्छ पाणी द्या: कागद चमकावा, पण थेंब साचू नये. जिथे पान चकाकतं तिथे अगदी पातळ अल्ट्रामरीन सोडा, बाकी भागात फिकट हिरवा. कुंचला कागदाला लावण्याआधी प्रत्येक वेळी कापडाला टेकवायची सवय लावा, निम्म्या चुका तिथेच टळतात. अर्धवट वाळलेल्या रंगावर जास्त पाणी असलेला कुंचला लागला की ते पाणी रंग कडेला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. तो पुसत बसू नका. वाळू द्या, पुढचा थर बराचसा झाकतो.

मार्चमध्ये झटकन वाळणारा थर जुलैच्या दमट हवेत किती तरी वेळ ओलाच राहतो. म्हणून दोन चित्रं: एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. हेअर ड्रायर वापरायचा तर कागदावरची चमक गेल्यावर, हातभर अंतरावरून. आधी वापरला तर हवेने रंग सरकतो. कागदही आधीपासून प्लास्टिकमध्ये बंद ठेवा. महिनोन्महिने ओल लागलेला कागद टिपकागदासारखा रंग पितो.

दुसरा थर गडद, बारीक शिरा मोकळ्या सोडून. शेवटी जवळजवळ कोरड्या, २ नंबरच्या कुंचल्याने शिरांच्या सावलीच्या बाजू.

दुसऱ्या दिवशी एकेरी लाल जास्वंद. फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं, म्हणून आल्या आल्या आधी रेखाटन. पाकळ्या पाच, एकीची कड दुसरीवर. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच बोंडं. पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीबाहेर बारीक हिरव्या पट्ट्यांची आणखी एक रांग असते, ती हटकून सुटते. फूल उलटं करून दाखवा.

रानफुलं पुढच्या वर्गात घ्या. कळलावी सर्वांगाने विषारी आहे, हात धुवायला लावा. भीमगड अभयारण्यातून मात्र पानही तोडू नका. तिथे जागेवर बसून रेखाटावं.

चित्राखाली पेन्सिलने जास्वंद, कन्नड नाव दासवाळ, शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, गाव आणि तारीख लिहून घ्या. वर्गात दोन्ही भाषांची माणसं असतात, नावं एकमेकांकडून विचारून लिहू द्या. घरी नेताना चित्र दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून वर प्लास्टिक पिशवी. पावसात गुंडाळी केली तर ओल आत शिरते आणि रंग पाठच्या कागदाला चिकटतो.