‘किती वर्षं?’ हा आकडा कसा वाचायचा

ह्यांना मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार) असल्याचं कळलं, त्या रात्री ‘२ ते ५ वर्षं’ एवढंच वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. तुम्ही पुढेही वाचा. हा आकडा बहुतेकांचा, तोही लक्षणं सुरू झाल्यापासूनचा. साधारण दहातला एक जण १० वर्षं ओलांडतो. (शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग १९६३ च्या निदानानंतर ५५ वर्षं जगले, पण ते अपवादच.)

डॉक्टरांना ‘श्वासाची ताकद किती?’ हे विचारा आणि दर तपासणीचा आकडा वहीत लिहा. सकाळी डोकं जड, रात्री झोपमोड होत असेल, तर श्वासाच्या मास्कबद्दल लगेच बोला. रिलुझोल या औषधाने काही महिनेच जास्त मिळतात. वजन घटू देऊ नका. अन्न देण्यासाठीच्या पोटातल्या नळीचा निर्णय आम्ही लांबवला, तिथे चुकलो. श्वास बरा असतानाच ती बसवणं सोपं असतं.