सिस्टर टिकवायच्या असतील तर ड्युटी अशी लावा

पन्नास ते शंभर खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात दर दोन महिन्यांनी नव्या जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या सिस्टरच्या) मुलाखती घ्याव्या लागत असतील, तर मेट्रन (सगळ्या सिस्टरांची प्रमुख) आणि डॉक्टरांनी मागच्या तीन महिन्यांचे ड्युटी चार्ट घेऊन एकत्र बसावं. कोण कधी थकलं आणि का सोडून गेलं, ते बरंचसं त्यातच दिसतं. 12 मेला परिचारिका दिनी केक कापून आणि तासभर योगासनं घेऊन हा थकवा उतरत नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 मध्ये मांडला. त्यात एका नर्समागे एक पेशंट वाढला की बर्नआउटची (कामाने पार थकून जाण्याची) शक्यता 23 टक्क्यांनी आणि कामावर नाराज असण्याची शक्यता 15 टक्क्यांनी जास्त दिसली. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यताही 7 टक्क्यांनी जास्त होती.

आधी माणसं मोजा

तीस खाटांचा भरलेला जनरल वॉर्ड घ्या. मॉर्निंग 8 ते 2, इव्हिनिंग 2 ते 8, नाइट 8 ते 8. सहा पेशंटमागे एक सिस्टर धरली तर दिवसाच्या दोन्ही पाळ्यांना 5-5 जणी लागतात, रात्री अगदी कमीत कमी 4. आठवड्याचे तास झाले 210, 210 आणि 336, म्हणजे 756. एकीचे 48 तास धरून भागलं की 15.75. इथेच बहुतेक जण थांबतात आणि चार्ट कोसळतो, कारण रजा धरलेलीच नसते. सीएल (किरकोळ रजा), आजारपण, हक्काची रजा आणि सणांच्या सुट्ट्या मिळून वर्षाला 35 ते 40 दिवस जातात, म्हणजे कामाच्या दिवसांपैकी सुमारे 12 टक्के. 15.75 ला 0.88 ने भागा; 18 जणी लागतात. वॉर्ड इनचार्ज यात धरू नका, ती पेशंट घेत बसली तर वॉर्डकडे बघायला कोणी उरत नाही.

चार्टवर 13 नावं असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याला 66 तास येतात, आणि सहा महिन्यांत त्या 13 च्या 11 होतात. भरती होईपर्यंत चार-सहा खाटा बंद ठेवणं परवडतं. आयसीयूचं गणित वेगळं करा: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला 1:1, बाकीच्यांना 1:2.

चार्ट लावताना

पाळ्या पुढे सरकवा: मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. उलट्या क्रमाने झोप बसत नाही. दोन ड्युट्यांमध्ये किमान 11 तास मोकळे हवेत. सकाळी 8 ला नाइट संपवून त्याच दिवशी 2 ला इव्हिनिंगला बोलावणं ‘अडचण आहे गं, एवढ्या वेळेस ये’ म्हणून सुरू होतं आणि मग रूढच होतं. बारा तासांच्या नाइट सलग तीन, फार तर चार.

सगळ्यात जास्त अन्याय नाइट ऑफमध्ये होतो. रविवारची नाइट सोमवारी सकाळी 8 ला संपते. हँडओव्हर देऊन, बस पकडून सिस्टर दहाला घरी पोचते. चार्टवर सोमवारी ‘डब्ल्यूओ’ लिहिलेलं असतं आणि मंगळवारी तिला मॉर्निंग. तिचा वीकली ऑफ झोपेत गेला. सोमवार ‘नाइट ऑफ’ लिहा, मंगळवार ‘वीकली ऑफ’, आणि ड्युटी बुधवारपासून. एवढा एक बदल केला तरी पुढच्या महिन्यापासून नाइटची कुरकुर कमी ऐकू येते.

चार्ट दोन आठवडे आधी लावा. शनिवारी संध्याकाळी सोमवारचा चार्ट लागला तर मुलाच्या शाळेची मीटिंग असो की सासऱ्यांची तपासणी, काहीच ठरवता येत नाही. रिक्वेस्टची वही ठेवा, महिन्याला प्रत्येकीच्या दोन. सणांची वही वेगळी: गौरीपूजन, लक्ष्मीपूजन, भाऊबीज, ईद, ख्रिसमस, ओणम. मागच्या वर्षी कोणाला कोणती सुट्टी मिळाली ते त्यात लिहिलेलं असलं की हॉस्टेलवर राहणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींवर दर दिवाळी ढकलली जात नाही.

हँडओव्हरची 20 मिनिटं ड्युटीत मोजा.

नर्सिंग नसलेलं काम

सात दिवस प्रत्येक पाळीत नर्सिंग स्टेशनवर एक कागद ठेवा. टीपीए (विम्याच्या दाव्याची) फाइल, बिलाची चौकशी, मेडिकलमधून औषधं आणणं, रिपोर्टसाठी लॅबला फोन, मावशी-मामांना (वॉर्डातल्या मदतनिसांना) शोधणं असे रकाने आखा. अर्धा तास गेला की एक खूण. दिवसाच्या दहा जणींचा एकेक तास गेला तरी रोज 10 तास होतात. त्यापेक्षा वॉर्ड क्लार्क स्वस्त पडतो.

हरवलेला थर्मामीटर, फुटलेली बाटली, पेशंटने न भरलेलं बिल हे सिस्टरच्या पगारातून कापू नका. मूळ प्रमाणपत्रंही ठेवून घेऊ नका. अडकवून ठेवलेली माणसं मन लावून काम करत नाहीत, आणि कागद हातात पडताच जातात. पगाराला मोजपट्टी आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांना महिन्याला किमान 20,000 रुपये सुचवले. 50 ते 100 खाटांना सरकारी पगारापेक्षा फार तर 25 टक्के कमी, आणि 100 ते 200 खाटांना फार तर 10 टक्के कमी, असं ठरवलं.

नातेवाईक अंगावर धावून आले तर तक्रार हॉस्पिटलनेच द्यावी. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने आरोग्यसेवकांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. सिस्टरला ‘जाऊ दे, मिटवून टाक’ म्हटलं की ती त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज करते.

थकवा ओळखताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन दुरावणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. वॉर्डात ते असं दिसतं: एकेका दिवसाची सिक लीव्ह वाढते, टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर दहाही पेशंटची नाडी 80 आणि श्वसन 18, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं, पेशंटच्या नावाऐवजी ‘तेरा नंबर’. अशा सिस्टरला मेमो देण्याआधी तिच्या चार आठवड्यांच्या नाइट मोजा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर रजेची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालतो.

सोडणाऱ्यांचा हिशेब वर्षाला एक आकडा काढून संपवू नका. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या, वर्षाच्या आत गेलेल्या आणि त्यानंतर गेलेल्या असे तीन भाग करा. पहिल्या भागाचं कारण बहुधा मुलाखतीत सांगितलेलं आणि वॉर्डात दिसलेलं यातली तफावत, किंवा आठव्या दिवशी एकटीला दिलेली नाइट. नव्या मुलीला चार आठवडे एका जुन्या सिस्टरच्या जोडीनेच ठेवा आणि तेवढा काळ तिला संख्येत धरू नका. दोन वर्षांनी जाणाऱ्या बऱ्याचशा आखाती देशांत किंवा सरकारी भरतीत जातात. त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या, आणि जागा भरायला तीन महिने हाताशी ठेवा. मधल्या भागातल्या मात्र थांबवता येतात. त्यांना राजीनाम्याच्या दिवशी कारण विचारून उपयोग नाही. सहाव्या महिन्यात, ड्युटीच्या वेळेत, चार्ट समोर ठेवून विचारा: यातली कोणती ड्युटी बदलली तर तुम्ही इथे राहाल?