हाताचा कॉफी ग्राइंडर: या चुका टाळा

कॉफी आंबट लागली की माणूस बियांना नावं ठेवतो, कडू लागली की पाणी जरा निवू देतो, आणि तरीही जमलं नाही की दुसऱ्या कंपनीचं पाकीट मागवतो. ग्राइंडरकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. खरं तर तपासायचा तो सगळ्यात आधी. ओळखीतले बरेच जण बिघडलेला म्हणून आपला ग्राइंडर माझ्याकडे आणून देतात. त्यांत खरोखर मोडलेला क्वचितच निघतो. कुणाचं शून्य हरवलेलं असतं, कुणाच्या यंत्रात जुन्या पुडीचा थर साचलेला असतो, कुणी तो नळाखाली धरून स्वच्छ धुतलेला असतो. तिन्ही गोष्टी घरच्या घरी टाळता येतात आणि बहुतेक वेळा निस्तरताही येतात.

शून्य कुठे आहे तेच माहीत नसणं

ग्राइंडरच्या आत दोन दातेरी भाग असतात, त्यांना बर्र म्हणतात. मधला शंकू एका दांडीवर बसलेला असतो आणि हँडलबरोबर फिरतो, बाहेरची कडी जागेवर राहते. दोघांमधली फट म्हणजे तुमची पूड किती जाड किंवा बारीक पडणार ते. ही फट पूर्ण मिटते ती जागा शून्य, आणि तिथून मागे येताना, फट कमी-जास्त करायच्या चकतीचे जे टकटक आवाज होतात ते क्लिक.

व्हिडिओत कुणीतरी ‘वीस क्लिक’ म्हणतो आणि आपणही वीस लावतो. पण वीस कुठून मोजायचे? आणि कुठल्या ग्राइंडरवर? टाइममोर सी२ वर पोअर ओव्हरसाठी, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर वरून गरम पाणी ओतून केलेल्या कॉफीसाठी, साधारण १८ ते २४ क्लिक चालतात. तोच आकडा वनझेडप्रेसो किंवा कमांदांते या दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राइंडरवर लावला तर वेगळीच पूड पडेल, कारण एका क्लिकला फट किती उघडते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. कमांदांते सी४० वर एक क्लिक म्हणजे सुमारे ३० मायक्रॉन. दुसऱ्याचा आकडा त्याच मॉडेलचा असला तरच त्याचा उपयोग, आणि तेव्हाही तो फक्त सुरुवात करण्यापुरता.

शून्य असं शोधा. ग्राइंडर पूर्ण रिकामा करून ब्रशनं साफ करा, कारण फटीत चिकटलेली पूडसुद्धा मोजणी बिघडवते. मग तो आडवा धरा. फट मोकळी असेल तर हँडल आपल्याच वजनानं खाली पडतं. आता चकती बारीकच्या दिशेनं एकेक क्लिक वळवत हँडल पुनःपुन्हा वर नेऊन सोडा. एका क्लिकवर ते खाली न पडता तिथंच थांबेल. तेच शून्य धरा. काही जण हँडल अजिबात फिरेनासं होईपर्यंत आवळतात आणि त्या जागेला शून्य म्हणतात. तीही पद्धत चालते, पण जोर लावू नका, दातांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. कुठलीही एक पद्धत ठरवा आणि कायम तीच ठेवा. शून्याच्या एक-दोन क्लिक आधी हलकी खरखर ऐकू येणं नेहमीचं आहे. त्या जागी कॉफी मात्र दळायची नाही.

साफसफाईसाठी यंत्र उघडलं की शून्य पुन्हा शोधायचं. ‘काल छान झाली होती, आज तेच क्लिक आहेत आणि पाणी उतरतच नाही’ ही तक्रार मी फार ऐकतो, आणि जवळजवळ दर वेळी आदल्या दिवशी ग्राइंडर उघडलेला असतो. जुन्या धाटणीच्या ग्राइंडरमध्ये, जिथं हँडल काढलं की खाली सेटिंगची नटच असते, तिथं तर नुसतं हँडल काढता-घालताना सेटिंग सरकतं.

आणखी एक. आत बिया असताना चकती बारीककडे वळवू नका. दातांमध्ये अडकलेला तुकडा दोन्ही बर्र एकमेकांपासून दूर ढकलत असतो, आणि आपण आट्यांवर जोर काढतो. जाडकडे वळवायला हरकत नाही.

चवीवरून सेटिंग ठरवताना

आंबट, पाणचट, घशात काही न उरणारी कॉफी म्हणजे बहुधा पूड जाड आहे. कडू आणि जीभ कोरडी पाडणारी असेल तर बारीक आहे. इथं चूक होते ती घाईची: एकाच वेळी सहा क्लिक बदलायचे, वर पाणीही वाढवायचं, मग नेमकं कशानं सुधारलं ते कळत नाही. बिया, पाणी, वजन सगळं तेच ठेवा आणि एक-दोन क्लिकच हलवा.

व्ही६० मध्ये, म्हणजे पोअर ओव्हरच्या शंकूसारख्या गाळणीत, १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी घेतलं तर सगळं पाणी उतरायला साधारण तीन मिनिटं लागावीत. पूड बारीक रव्यापेक्षा किंचित जाडसर हवी. फ्रेंच प्रेसला (पूड पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्यानं खाली दाबायचं भांडं) स्पष्ट दाणेदार, जाड्या रव्याहूनही भरड. मोका पॉटला (गॅसवर वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं) बारीक रव्याहून बारीक, पण पीठ नको. पीठ भरलंत तर कॉफी वर चढायला अडते आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ फुसफुसते. तसं झालं की गॅस लगेच बंद करा आणि भांडं गार झाल्यावरच उघडा.

दाक्षिणात्य फिल्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे अनेक घरांत तोच आहे आणि हाताचा ग्राइंडर त्याच्यासाठी फार चांगलं काम करतो. डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरणारा कॉफीचा अर्क, १५ ते २० मिनिटांत उतरायला हवं. पाच मिनिटांत खाली आलं तर पूड जाड आहे. तासाभरानंही वर पाणी दिसत असेल तर फार बारीक आहे, किंवा वरच्या दांड्याच्या चकतीनं ती फार दाबली आहे. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) घालत असाल तर ती पावडरच विकत घ्या आणि दळून झाल्यावर मिसळा. चिकोरी ओलावा खेचते, दातांत गेली तर चिकट राप धरते. शिवाय पाण्यात ती फुगते आणि उतार मंदावतो. म्हणून चिकोरीवाल्या मिश्रणासाठी कॉफी एखादा क्लिक जाड दळा.

हँडल अडलं, किंवा नुसतंच गरगर फिरतंय

फिरता फिरता हँडल खटकन थांबलं तर पहिली शंका खड्याची घ्या. आपल्याकडची कॉफी, मग ती चिकमगळूरची असो, कोडगूची असो की चिखलदऱ्याची, बऱ्याच ठिकाणी अंगणात पसरून उन्हात वाळवतात. नंतर कितीही चाळली, निवडली तरी एखादा खडा निसटतो. भाजल्यावर तो बियांच्याच रंगात मिसळून जातो. डोळ्यांपेक्षा कान इथं जास्त कामाचे: मोजलेल्या बिया स्टीलच्या ताटलीत ओता. बियांचा आवाज पोकळ येतो, खड्याचा टणक. तांदूळ निवडतो तसा बोट फिरवून एक नजर टाकली की झालं, अर्धा मिनिटही लागत नाही.

अडल्यावर दोन्ही हातांनी जोर लावू नका. सिरॅमिकच्या बर्रचा टवका उडतो, पोलादी बर्रची धार दुमडते. हँडल उलटं फिरवा, चकती बरीच जाडकडे न्या, ग्राइंडर उपडा करून बिया काढा आणि आत टॉर्च मारून बघा.

खडा नसेल तर खालचं भांडं बघा. क्षमतेपेक्षा जास्त बिया घातल्या की पूड भांड्यात मावत नाही, वर चढते आणि दातांपाशी घट्ट बसते. लहान ग्राइंडर २० ते २५ ग्रॅमचे असतात. पाहुणे आले तर दोनदा दळा.

उलट तक्रार म्हणजे हँडल हलकं फिरतंय पण पूड पडत नाही. गडद भाजलेल्या, तेल सुटलेल्या बिया एकमेकींना चिकटून तोंडाशी कमान धरतात. पावसाळी हवेत मुद्दाम ठेवून फुगवलेल्या, मान्सून्ड मलबार नावाच्या कॉफीच्या मोठ्या बियांचंही तसंच होतं. ग्राइंडरवर तळहातानं दोन थापा मारल्या की खाली सरकतात. हलक्या भाजलेल्या बियांची अडचण वेगळी, त्या कडक असतात. ग्राइंडर थोडा तिरका धरलात तर दातांपाशी एका वेळी कमी बिया जातात, हाताला हलकं पडतं आणि पूडही जास्त एकसारखी येते. वेग सेकंदाला एक-दीड फेरा, शक्यतो सलग.

हँडल काढून ड्रिल मशीन लावण्याचे व्हिडिओ बरेच दिसतात. करू नका. या यंत्राचे बेअरिंग हाताच्या वेगासाठी असतात. खडा आला की हात थांबतो, ड्रिल थांबत नाही.

पूड भांड्याला चिकटते

हवा कोरडी असली की हा त्रास वाढतो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत, पुण्यात थंडीत हमखास. दळताना घर्षणानं विद्युतभार तयार होतो, त्यामुळे बारीक कण भांड्याला, ओट्याला, बोटांना चिकटतात. उपाय सोपा आहे: चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटका आणि त्या ओल्या दांड्यानं बिया ढवळा. वीस ग्रॅमला एखादा थेंब पुरतो. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. बियांमधला ओलावा वाढला की दळताना हा भार घटतो, असं त्यांना प्रयोगांत दिसलं. पण थेंबाच्या जागी शिंतोडे मारायचे नाहीत, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर हा उपाय करूच नका, गरजच पडत नाही.

धुणं, तांदूळ, तेल आणि मसाला

सगळ्यात जास्त ग्राइंडर खराब होतात ते साफ करण्याच्या नादात. पोलादी बर्र स्टेनलेसचे असतात, मग पाण्यानं काय होणार, असं लोक विचारतात. धार टिकायला कठीण पोलाद लागतं, त्यासाठी त्यात कार्बन जास्त ठेवतात, आणि कार्बन वाढला की गंज रोखण्याची ताकद कमी होते. ताटल्या-वाट्यांचं स्टेनलेस आणि हे एक नव्हे. मध्यंतरी एक ग्राइंडर उघडला, तर शंकूच्या दातांच्या मुळाशी तांबूस ठिपके आणि दांडीच्या बेअरिंगपाशी ओल्या पुडीचा काळपट, आंबूस वासाचा लगदा होता. बाहेरून यंत्र लखलखीत, कारण दर रविवारी साबणानं धुतलं जात होतं. लगदा लाकडी टूथपिकनं काढला, ठिपके कोरड्या ब्रशनं घासले, आणि सुदैवानं धार वाचलेली होती.

पोलादी बर्रला पाणी लावायचं नाही. कडक केसांचा छोटा ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा एवढं पुरतं. रोज दळून झाल्यावर भांडं काढून बुडाशी दोन-चार टिचक्या मारा आणि ब्रश फिरवा. महिन्यातून एकदा उघडून आतून साफ करा, तेलकट बिया वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. सिरॅमिकचे बर्र धुता येतात, पण मधली दांडी आणि नट धातूचेच असतात, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. पडले तर ते फुटतात, एवढं लक्षात ठेवा.

मिक्सर साफ करायला तांदूळ फिरवायची आपल्याकडे सवय आहे, तीच लोक इथं लावतात. भाजलेली कॉफीची बी ठिसूळ असते, कच्चा तांदूळ टणक. दातांवर आणि बेअरिंगवर नको तो भार येतो, आणि तांदळाचं पीठ कॉफीच्या तेलात कालवून फटींमध्ये बसतं. आत खवट वास येत असेल तर आधी ब्रशनं साफ करा, मग मूठभर जुन्या बिया दळून ती पूड टाकून द्या. नवीन ग्राइंडरलाही हेच करा, कारखान्यातली धूळ निघून जाते.

मिरी, वेलची, लवंग यात दळू नका. वास महिनोनमहिने जात नाही. मसाल्याला खलबत्ता आहेच.

चकतीच्या आट्या करकरत असतील तर अन्नासाठी चालणाऱ्या मिनरल ऑइलचा अगदी पुसट हात तिथं लावा, दातांना नाही. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं तेल तर कुठंच नको. ते खवट होतं आणि तोच वास कपात उतरतो.

उघडताना मोबाइलवर टप्प्याटप्प्यानं फोटो काढा. चकती, वॉशर, शंकू, स्प्रिंग ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं कागदावर मांडा. एक वॉशर खालीवर झाला तरी शंकू डुगडुगतो आणि एकाच कपात पीठ आणि भरड दोन्ही पडतात. बाहेरची कडी, अडचण नसेल तर, काढूच नका. ती पुन्हा नेमकी मध्यावर बसवणं घरी अवघड आहे.

पावसाळ्यात ग्राइंडर ओट्यावर, चहाच्या पातेल्याशेजारी ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीवर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात ओट्यावरची वाफ. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. फ्रीजरमधल्या बिया काढून पाकीट उघडं ठेवलंत तर त्यांच्यावर दव धरतं आणि तो ओलावा थेट दातांत जातो. लागतील तेवढ्याच काढून लगेच दळा, नाहीतर बंद पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

सगळं केलं तरी पूड एकसारखी येत नसेल

दिवसाला २०-३० ग्रॅम दळणाऱ्या घरात चांगले बर्र कित्येक वर्षं टिकतात, त्यामुळे धार गेली असं पटकन ठरवू नका. आधी दांडी धरून हलवून बघा. स्वस्त ग्राइंडरमध्ये दांडीला एकाच टोकाला आधार असतो. बारीक सेटिंगला ते चालून जातं, पण फट उघडली की शंकू इकडेतिकडे हलतो, म्हणून फ्रेंच प्रेसची कॉफी गढूळ होते. हा यंत्राच्या रचनेतलाच दोष, साफसफाईनं जाणारा नाही. अशा ग्राइंडरवर फ्रेंच प्रेससाठी दळलेली पूड चहाच्या बारीक जाळीच्या गाळणीतून चाळून घ्या आणि खाली पडलेलं पीठ फिल्टर कॉफीत वापरा. दांडी घट्ट आहे, दात स्वच्छ आहेत, शून्य बरोबर आहे, आणि तरीही पूर्वीपेक्षा जास्त फेरे लागतात व पीठ वाढलंय, तरच नवीन बर्र मागवा. मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि बर्रचा मिलिमीटरमधला व्यास दोन्ही जुळवून घ्या.