पाणी घालण्यापूर्वी काडी खोचून पाहावी
झाडाची पाने पिवळी पडून मलूल दिसू लागली की आपण हमखास आणखी पाणी घालतो. परंतु जादा पाण्यामुळे मुळांना हवा न मिळून ती कुजू लागली, तरी झाड अगदी तसेच दिसते. म्हणून बांबूची कोरडी काडी कुंडीच्या कडेने ५ ते ७ सेंटिमीटर खोल खोचावी, दहा मिनिटांनी काढून पाहावी आणि तिला ओलसर माती चिकटली असल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. काडी कोरडी निघाली, तर तळाच्या छिद्रातून झिरपेपर्यंत सावकाश पाणी घालावे व ताटलीत साचलेले ओतून टाकावे (डासांचाही प्रश्न त्यानेच मिटतो). कोरफडीला मात्र ही कसोटी अपुरी पडते. तिची माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नये.