बागेतल्या किड्याचा फोटो काढताय? मग या चुका टाळा, नाहीतर ओळखणार कसं!

पावसाळा सुरू झाला की गार्डनिंगच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक तरी असा फोटो पडतोच, हिरवट धुरकट बॅकग्राउंड, मधोमध एक ठिपका आणि खाली प्रश्न, "हे काय आहे आणि यावर काय मारू?" आणि पाच मिनिटांत उत्तरं पण येतात हां, एक जण नीम ऑइल सांगतो, दुसरा साबणाचं पाणी, तिसरा तर डायरेक्ट औषधाचं नाव टाकून मोकळा. किडा कोणता ते कोणी विचारतच नाही. आणि विचारलं तरी त्या फोटोवरून सांगणार कोण, कीटकशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसालाही जमणार नाही, कारण ओळखायला जे दिसावं लागतं नेमकं तेच त्यात नसतं.

झाड कापून टाकू नका, म्हणजे फोटोतून

सगळ्यात मोठी चूक ही. लोक किड्यावर झूम करतात, क्रॉप करतात, आणि तो ज्या झाडावर बसलाय ते झाडच गायब. अहो, निम्मी ओळख तर झाडावरूनच लागते! अळ्या वाट्टेल ते खात नाहीत, बऱ्याच जणींचे नखरे ठरलेले असतात. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळपट-पांढरी बारकी अळी असेल तर ती बहुतेक लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन या फुलपाखरांची, जरा मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लालसर दोन शिंगं बाहेर काढून घाण वास सोडते. तगर, कण्हेर किंवा सदाफुलीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी, पुढच्या बाजूला दोन मोठे निळसर डोळे आणि मागे शेपटीसारखं शिंग, म्हणजे ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची (ते डोळे खोटे असतात, आणि ते शिंग टोचत वगैरे नाही, घाबरू नका). रुईवर काळे-पिवळे पट्टे असलेली अळी प्लेन टायगर फुलपाखराची, कृष्णकमळाच्या वेलावर काटेरी तपकिरी-लाल दिसली तर टॉनी कॉस्टर फुलपाखराची.

म्हणून पहिला फोटो लांबून, अख्खी फांदी दिसेल असा. झाडाचं नाव माहीत नसेल तर पान, फूल, फळ जे असेल त्याचा वेगळा फोटो. आणि पान कसं खाल्लंय तेही घ्या. गुलाबाच्या पानाच्या कडेला एकदम गोल, पंच मारल्यासारखी कापं दिसतात ना, ते काम अळीचं नाही, लीफकटर बी नावाच्या मधमाशीचं, ती पान खात नाही तर घरट्याच्या अस्तरासाठी कापून नेते. फवारून काही उपयोग नाही, आणि गुलाबाला त्याने काही होत पण नाही.

एकच फोटो, तोही वरून

वरून काढलेला फोटो दिसायला छान येतो पण ओळखायला बऱ्याचदा निरुपयोगी. फुलपाखरांचंच घ्या, गवतावर फिरणारी ती छोटी निळी फुलपाखरं वरून जवळपास सगळी सारखीच, फरक असतो पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांत, म्हणजे पंख मिटून बसलंय तो फोटो जास्त कामाचा. कॉमन मॉर्मनची मादी तर पक्की बहुरूपी, तिचं एक रूप हुबेहूब कॉमन रोजसारखं दिसतं, कारण कॉमन रोज विषारी म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. वेगळं ओळखायचं कसं? अंग बघायचं, कॉमन रोजचं अंग लाल आणि मॉर्मनचं काळं. आता फोटोत नुसते पंखच आले आणि अंग ब्लर झालं तर संपलं की.

अळीचा फोटो बाजूनेच हवा, पाय मोजता येतील असा. फुलपाखरू-पतंगाच्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय आणि मागे जास्तीत जास्त पाच जोड्या गुबगुबीत खोटे पाय असतात. मुळा-मोहरीवरच्या काळपट अळ्यांना खोटे पाय पाचपेक्षा जास्त जोड्या दिसले तर ती फुलपाखराची अळीच नव्हे, ती सॉफ्लाय, गांधीलमाशीच्या नात्यातली. फुलपाखरू निघेल म्हणून डब्यात ठेवून काही मिळणार नाही.

माशी की मधमाशी हा तर कायमचा घोळ. फुलापाशी हेलिकॉप्टरसारखी एका जागी तरंगणारी पिवळी-काळी पट्टेवाली दिसली की लोक मधमाशी म्हणून टाकतात, ती असते हॉवरफ्लाय. तिला पंख दोनच, डोळे मोठे आणि मिशा एवढ्याशा, मधमाशीला पंख चार आणि मिशा लांब. म्हणजे समोरून एक फोटो, वरून एक, बाजूने एक, खालून जमला तर अजून छान. चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचणीला (डॅमसेल्फ्लाय) मात्र एवढी मेहनत नको, पंख पसरून बसला आणि डोळे एकमेकांना चिकटल्यासारखे तर बहुधा चतुर, काडीसारखी बारीक, पंख मिटून बसलेली आणि डोळे दोन टोकांना तर टाचणी.

मोबाइलच्या भानगडी

फोटो ब्लर येतोय ही तक्रार सगळ्यांची, आणि कारण बहुतेक वेळा एकच, फोन किड्याच्या अगदी नाकाशी नेलेला असतो. मेन कॅमेऱ्याला एका ठरावीक अंतराच्या आत फोकसच करता येत नाही. थोडं मागे या, २एक्स करा, आणि नंतर क्रॉप करा, लगेच फरक दिसेल. आयफोन १३ प्रो किंवा तसल्या फोनमध्ये मॅक्रो मोड चांगला असतो, दोन सेंटिमीटरपर्यंत जाता येतं, पण स्वस्त फोनवर जो २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा देतात तो माझ्या मते फक्त खोक्यावर छापायला असतो, त्यापेक्षा मेन कॅमेरा आणि दोन-चारशे रुपयांची क्लिपवाली मॅक्रो लेन्स परवडली. ती लावली की मात्र फोन हळूहळू पुढे-मागे हलवून फोकस शोधायचा, स्क्रीनवर टॅप करत बसू नका.

बाकी छोट्या गोष्टी. लेन्स पुसा, बागकामाच्या हातांनी फोन धरलेला असतो, निम्मं धुकं तिथेच असतं. वारा असेल तर दुसऱ्या हाताने देठ धरा. फोटो सटासट दहा-बारा काढा आणि एक ठेवा. आणि वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी, तेव्हा किडे गारठलेले, सुस्त असतात, उजेडही मऊ असतो. दुपारी बारा वाजता गच्चीवर फुलपाखरामागे पळून तुम्हीच दमाल.

फ्लॅशचं जरा वेगळं सांगतो. चकचकीत किड्यावर फ्लॅश मारला की पांढरा डाग पडतो आणि खरा पोत जातो, आणि कधीकधी सगळा निकाल त्या पोतावरच असतो. वांग्यावर लेडीबर्ड बीटल दिसला की लोक खूश, मित्रकीटक आला म्हणून! पण वांग्यावर एक २८ ठिपक्यांचा एपिलॅक्ना पण येतो, तो शाकाहारी, पानांची पार जाळी करून ठेवतो. मावा (झाडाचा रस शोषणारे बारके किडे) खाणारे लेडीबर्ड गुळगुळीत चमकदार असतात आणि हा मात्र मळकट, बारीक लव असलेला. फ्लॅशमध्ये दोघेही चमकणार, मग कळणार काय? फ्लॅश लागलाच तर त्यावर टिश्यू पेपर किंवा बटर पेपर धरा. आणि कॅमेऱ्यातलं ब्युटी, एआय एन्हान्स, फिल्टर सगळं बंद, ते रंग बदलतं आणि नसलेली बारकी नक्षी स्वतःच भरून टाकतं.

साइज कळायला शेजारी फूटपट्टी धरा. "छोटासा आहे" याला काही अर्थ नाही, मुंगीएवढा की झुरळाएवढा?

आधी मारलं, मग विचारलं

याचा मला खरंच राग येतो. मेलेला, चुरगळलेला किडा टिश्यूवर ठेवून फोटो, आणि निघतो तो नेमका आपल्या बाजूचा. लेडीबर्डची अळी काळी, नारिंगी खुणांची, छोट्या मगरीसारखी दिसते, ती जाऊन मावा फस्त करते, पण दिसते भयानक म्हणून पहिली तीच चिरडली जाते. हॉवरफ्लायची अळी बिनपायाची लिबलिबीत, तीही माव्यातच बसलेली असते. आणि क्रिप्टोलिमस नावाच्या लेडीबर्डची अळी तर पांढऱ्या मेणकट धाग्यांनी झाकलेली, म्हणजे डिट्टो पिठ्या ढेकूण (मिलीबग)! फरक एवढाच की पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही आणि ही त्यांच्यातून भराभर फिरून त्यांनाच खाते. फोटोत हे दिसणार नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. पानाखाली केसासारख्या बारीक दांड्यांवर टांगलेली पांढरी अंडी दिसली तर ती लेसविंग नावाच्या मित्रकीटकाची, तिची पिल्लंही मावाच खातात, बुरशी समजून पुसू नका.

केसाळ किंवा काटेरी अळीला मात्र हात लावायचा नाही, फोटोसाठी पोज द्यायला तर अजिबात नाही, काहींच्या केसांनी चांगली आग होते. फांदीच वळवा.

अ‍ॅप म्हणालं म्हणजे झालं असं नाही

गुगल लेन्सला फोटो दाखवला की तो काहीतरी नाव देतोच, कधी कधी तर अमेरिकेतल्या किड्याचं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर जास्त बरं चालतं, कारण तिथे आपल्या आसपास काय दिसतं ते पण बघितलं जातं आणि माणसं तपासतात, पण तिथलीही पहिली सूचना डोळे झाकून दाबायची नाही. खात्री नसेल तर नुसतं "पतंग" किंवा "भुंगेरे" एवढंच टाका, चुकीच्या नेमक्या नावापेक्षा ते कितीतरी चांगलं. फुलपाखरांसाठी बटरफ्लाईज ऑफ इंडियाची वेबसाइट आहे, तिथे अळी, कोष, वरची-खालची बाजू असे फोटो जुळवून बघता येतात.

आणि तो मुळात कीटक आहे का ते आधी बघा की! पाय सहा हवेत. मृगाचा लालभडक मखमली किडा आठ पायांचा, म्हणजे कोळ्यांच्या जवळचा. मुंगीसारखी दिसणारी आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवणारी "मुंगी" नीट बघितली तर आठ पाय आणि समोर मोठे डोळे निघतात, तो कोळी असतो, मुंगीचं सोंग घेतलेला. पैसा (वाणी, म्हणजे मिलिपीड) पण कीटक नाही.

एक टेक्निकल गोची. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून छोटा होतो आणि त्यातली तारीख, जागा पण उडते. ओळखायला पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि आयनॅचरलिस्टवर टाकायचा तर मूळ फोटोच टाका, तारीख-जागा नसेल तर नोंद रिसर्च ग्रेडला, म्हणजे तपासलेल्या पक्क्या नोंदींत, जातच नाही. घराचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर तिथल्या जिओप्रायव्हसी (जागा किती दाखवायची) या सेटिंगमध्ये "ऑब्स्क्युअर्ड" निवडा, मग नकाशावर साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो.

एवढं करूनही अळीचं नाव लागत नसेल तर तिला वाढू द्या. जाळी लावलेला डबा, त्याच झाडाची ताजी पानं रोज (बाजारातला कढीपत्ता नको, त्यावर फवारलेलं असू शकतं), आणि आत एक उभी काडी. कोष झाला की आपल्याकडच्या हवेत लाइम बटरफ्लायसारखं फुलपाखरू साधारण ८-१० दिवसांत बाहेर येतं, आदल्या दिवशी कोषातून पंखांचे रंग दिसायला लागतात. कोष नुसताच काळा पडला आणि एक दिवस त्याला भोक पाडून बारक्या माश्या निघाल्या तर त्या परजीवी गांधीलमाश्या, त्यांचेही फोटो काढा आणि वेगळी नोंद करा, सोबत कुठल्या अळीतून निघाल्या ते लिहा, अशा नोंदी कमीच असतात.